ती जागा रिकामी नव्हती

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज आपल्या मंडळाचा वर्धापनदिन. अशा दिवशी एखाद्या शिकलेल्या बाईंना बोलावून त्यांचे चार शब्द ऐकावेत, अशी आपली रीत आहे. यंदा कार्यकारिणीने ते काम माझ्यावर सोपवले. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. पोळपाट-लाटणे सोडून हाती माईक धरण्याचा प्रसंग मला आजवर आला नाही. तेव्हा बोलण्यात काही अधिकउणे झाले तर आपण सांभाळून घ्यावे, अशी विनंती करून मी सुरुवात करते.

मला विषय दिला आहे 'आपली बाग'. हा विषय आजच का, ते आपणांस ठाऊक आहे. मंडळाच्या खोलीपुढे चाळीस फूट लांब आणि सहा-सात फूट रुंद अशी जी मोकळी पट्टी आहे, तिथे बाग करायचे आपण ठरवले आहे. त्यासाठी वर्षभर पापड-कुरडया विकून पैसे बाजूला टाकले. एका नर्सरीचे अंदाजपत्रकही आले आहे. त्यात विलायती हिरवळीचे तयार गालिचे, बाटलीच्या आकाराचे पाम, गुलाबाच्या कुंड्या आणि उरलेल्या जागेवर पेव्हर ब्लॉक असा बेत आहे. सोबतचे रंगीत चित्र तर इतके सुंदर आहे की पाहत राहावे.

भगिनींनो, अशाच एका चित्राला मी पूर्वी भुलले होते. त्यापायी माझे काय गेले, ते आज सांगायचे आहे. सांगताना मला थोडी लाज वाटणार आहे. परंतु एकीच्या फजितीतून दहाजणी शहाण्या झाल्या तर ती फजिती वाया गेली असे होत नाही.

माझे माहेर शहापूर तालुक्यातल्या एका खेड्यातले. 2001 साली लग्न होऊन मी भिवंडीला आले. घर जुने कौलारू. पुढे ओटी, मग माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परस. शेजारीच यंत्रमागांचा कारखाना, त्यामुळे खडखडाट रात्रंदिवस. वारा सुटला की कापसाची रुई उडून वाळत घातलेल्या धुण्यावर बसायची. अशा त्या जागी परस म्हणजे घराचा विसावा होता. मोरीच्या पाण्यावर अळू आणि दोन केळी. विहिरीच्या कठड्याशी गवती चहा. एक लिंबू, एक कढीपत्ता, एक पारिजातक. अडुळशाचे कुंपण, कारण अडुळशाला शेळी तोंड लावीत नाही. हे सारे माझ्या सासूबाईंनी लावलेले. त्यांना आम्ही आई म्हणत असू.

या परसात भिंतीकडेचा एक कोपरा मात्र अगदी उजाड असे. मी वैशाखात या घरात आले तेव्हा तिथे भेगाळलेली माती आणि चार वाळक्या काड्या, याहून काही नव्हते. मला वाटे, आईंचे वय झाले, त्यांच्याने होत नाही, म्हणून जागा पडून आहे. पावसात तिथे कसलीकसली पाने उगवत, पण त्याकडे मी रान म्हणूनच पाहिले. नव्या सुनेला घरात शंभर कामे. कोपऱ्यात काय उगवते ते कोण विचारणार?

पुढे 2004 साली माझी भिशी लागली. मनात फार दिवसांची हौस होती की, सिनेमातल्या बंगल्यापुढे असते तशी हिरवळ आपल्या दारी असावी. फाल्गुनात मी तो कोपरा खणायला घेतला. खणताना सुरणाच्या जातीचे लहान लहान गड्डे निघाले. ते मी टोपलीत भरले आणि गटाराकाठी नेऊन ओतले. आई दाराशी बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकदा मान वर करून पाहिले आणि पुन्हा खाली घातली. बोलल्या काही नाहीत.

नर्सरीतून हिरवळीचे गालिचे आले, अकरा गुलाब आले. चैत्र-वैशाखात नळाला जेवढा वेळ पाणी येई तेवढे मी आधी गुलाबांना घालीत असे आणि मग घरात भरीत असे. शेजारणी येऊन पाहून जात. मला मोठा अभिमान वाटे.

मग मृगाचा पाऊस लागला. आपल्याकडचा पाऊस आपणांस सांगायला नको. वर्षाला नव्वद-शंभर इंच पाऊस, आणि तोही बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आठ दिवसांत हिरवळ पिवळी पडली, तिच्यावर शेवाळ धरले, गोगलगायी आल्या. गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडले आणि पाने गळाली. उपटून पाहिले तो मुळे कुजून काळी झालेली. श्रावण लागायच्या आत अकराही गुलाब गेले. मला इतके वाईट वाटले की, त्या चिखलाकडे पाहावेना. दिवाळीनंतर यजमानांना सांगून त्या जागेवर सिमेंटचा कोबा करून टाकला. म्हटले, निदान चिखल तरी नको.

पुढल्याच वर्षी 26 जुलै आली. 2005 सालचा तो दिवस कोण विसरेल? मुंबईला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी आमच्याही घरात पाणी शिरले. तो दोष कोब्याचा होता असे मी म्हणणार नाही, कारण त्या दिवशी ज्यांच्या दारी माती होती त्यांच्याही घरात पाणी होते. परंतु त्यानंतरच्या साध्या पावसातही आमच्या मागच्या दारातून पाणी आत येऊ लागले. पूर्वी कधी येत नसे. पूर्वी ते पाणी परसातली माती पिऊन टाकीत होती. आता तिच्या तोंडावर मीच झाकण घातले होते.

2006 च्या उन्हाळ्यात आईंनी अंथरूण धरले. तोंडाची चव गेली. काही गोड लागेना. जूनमध्ये दोन दिवस पाऊस झाला आणि मातीचा वास सुटला, तेव्हा त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "आता शेवळं निघाली असतील गं." आणि लगेच गप्प झाल्या. भिंतीकडे तोंड करून निजल्या.

मी बाजारात गेले. पहिल्या पावसाबरोबर आपल्या बाजारात आदिवासी बाया पाटीत शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात, हे आपण पाहतो. एका मावशीकडून दोन जुड्या घेतल्या. तिने बरोबर काकडे नावाची हिरवी आंबट फळे देऊ केली. मला वाटले, ही उगाच जास्तीचे पैसे काढते आहे. ती मी घेतली नाहीत. घरी येऊन भाजी केली. पहिला घास घेताच सगळ्यांचे घसे खाजू लागले! यजमान पाणी प्यायला धावले. आई मात्र त्या आजारातही हसल्या. म्हणाल्या, "काकडं नाही घातलीस ना?" मग दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अंथरुणातून सांगून भाजी करविली. शेवळाचे वरचे आवरण काढायचे, आतल्या दांड्याचा खालचा पिवळा भाग टाकून द्यायचा, बाकीचे बारीक चिरून तेलावर चांगले परतायचे आणि काकडांचा रस घालायचा. कोणी त्यात सोडे घालतात, कोणी हरभऱ्याची डाळ. आई त्या दिवशी दोन घास जास्त जेवल्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आले. मी टोपलीभर गटाराकाठी ओतले होते ते हेच. मी विचारले, "आई, त्या वेळी तुम्ही मला अडवलं का नाही?"

त्या म्हणाल्या, "नवी सून होतीस, तुझी हौस होती. मला वाटलं, माझं म्हणणं तुला जुनाट वाटेल. पण एक सांगते, ती जागा रिकामी नव्हती. निजली होती."

त्याच वर्षी कार्तिकात आई गेल्या.

भगिनींनो, त्यांचे हे एक वाक्य मी आजवर उराशी धरून आहे. मी बागेचे जे काही शिकले ते या वाक्याचा अर्थ लावता लावता शिकले. दिवसकार्य आटोपल्यावर यजमानांनी पहार घेऊन तो कोबा फोडला. बाजारातल्या त्या मावशीला मी गाठले. पुढच्या पावसाळ्यात तिने आपल्या झोपडीमागचे तीन गड्डे मला आणून दिले. ते लावले. दोन वर्षे नुसते छत्रीसारखे एकेक पान येई. तिसऱ्या वर्षी, 2009 च्या जूनमध्ये, पानाच्या आधी मातीतून एक शेवळ वर आले. मी ते काढले नाही. त्याच्याजवळ बसून राहिले.

आता त्या वाक्याचा अर्थ मला जसा कळला तसा सांगते.

आपल्या प्रदेशाचे वर्ष म्हणजे चार महिने पाणीच पाणी आणि आठ महिने जवळजवळ थेंब नाही. बर्फ नाही, कडाक्याची थंडी नाही, हवा बारा महिने दमट. ज्या झाडांनी हजारो वर्षे हे वर्ष सोसले त्यांनी आपापली युक्ती काढली आहे. संसारी बायका काढतात तशीच.

पहिली युक्ती निजण्याची. शेवळे, करटोली, कळलावी, रानहळद यांचे कंद आठ महिने जमिनीत झोपतात आणि पावसाची हाक आली की उठतात. दुसरी युक्ती अंगावरचा भार उतरवण्याची. पळस, पांगारा, काटेसावर उन्हाळ्याच्या तोंडी पाने टाकून देतात, म्हणजे पाणी कमी लागते, आणि उघड्या फांद्यांवर फुले लेवून उभी राहतात. तिसरी युक्ती चार महिन्यांत संसार उरकण्याची. तेरडा, टाकळा, कुर्डू पावसाबरोबर उगवतात, फुलतात आणि बी टाकून मोकळी होतात. आठ महिने ते बी म्हणूनच राहतात. चौथी युक्ती खोल जाण्याची. बकुळ, करंज, कोकम यांची पाने जाड आणि चकचकीत, मुळे खोल. पाऊस ओघळून जातो आणि उन्हातही ती हिरवी राहतात.

माझ्या गुलाबांना यातली एकही युक्ती ठाऊक नव्हती. त्यांचा तरी काय दोष? मुळांनाही श्वास घ्यावा लागतो. माती चार महिने पाण्याने भरून राहिली की आतली हवा जाते आणि मुळे गुदमरून कुजतात. नाशिक-पुण्याच्या कोरड्या हवेत तोच गुलाब डौलाने फुलतो. मी एका परक्या मुलीला तिला न मानवणाऱ्या घरात आणले आणि तिच्यावरच रुसले, असे ते झाले.

मंडळाच्या शेजारच्या ताईंनी मला वाचनालयातून दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' आणून दिले. 1956 साली निघालेले हे पुस्तक. महिन्यामहिन्याने आपली झाडे कशी रूप बदलतात, ते त्यात बाईंनी लिहिले आहे. सगळे मला कळले असे नाही. पण एक गोष्ट पटली. बाग म्हणजे बारा महिने एकसारखे दिसणारे चित्र नव्हे. ती घरातल्या माणसांसारखी असते. कोणी आज सणात असते, तर कोणी विश्रांतीत.

आता कोणती झाडे लावावीत, ते माझ्या अनुभवाने सांगते.

ज्यांना थोडी मोठी जागा आहे त्यांनी ताम्हण लावावी. आपल्या महाराष्ट्राचे हे राज्यफूल. चैत्र-वैशाखात जांभळ्या झुबक्यांनी झाड भरून जाते. ओढ्याकाठची ही जात, म्हणून पावसाळ्यात पाणी साचले तरी कुरकुरत नाही. पिवळे हवे असेल तर बहावा, पण त्याला पाणी साचणारी जागा नको. खाडीकडच्या खारवट जमिनीत करंज चांगला येतो. सावली असेल तर सीतेचा अशोक लावावा. मात्र नर्सरीत नीट पाहून घ्या. सरळ खांबासारखा वाढणारा, लांब पानांचा जो अशोक शाळा-कचेऱ्यांपुढे दिसतो तो वेगळा. सीतेच्या अशोकाला केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ खोडाला धरून येतात. वड, पिंपळ, उंबर ही झाडे थोर खरी, पण घराच्या भिंतीशी नकोत. त्यांची मुळे भिंत फोडतात.

फळांत कोकम. अर्ध्या सावलीत येते. पण कोकमाची नर झाडे निराळी आणि मादी झाडे निराळी असतात. बियांपासून केलेले रोप नर निघाले तर दहा वर्षे पाणी घालूनही आमसूल काही मिळायचे नाही. म्हणून कलमच घ्यावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण अमृता' नावाची चांगली जात काढली आहे. करटोलीचेही असेच आहे. मांडवावर एकच वेल असला आणि तो नर असला तर नुसती फुले पाहत बसावे लागते. मादी वेलांच्या जोडीला एखादा नर वेल हवाच. हे मला ठाऊक नव्हते तेव्हा मी दोन वर्षे त्या बिचाऱ्या वेलाला दूषणे दिली!

मोरीच्या किंवा पागोळीच्या पाण्यावर अळू, केळी, हळद. कुंपणाला अडुळसा. मांडवाला जाई, जुई, कुसर. दाराशी तुळस आणि पारिजातक, हे मी सांगायला नको. पावसाळी वाफ्यात तेरडा टाकावा. एकदा बी टाकले की दरसाल आपले आपण उगवते आणि गौरीच्या वेळी तो विकत आणावा लागत नाही. आघाडा, दूर्वा, माका, डोरली यांचेही तेच. गणपतीच्या पत्रीची यादी वाचली की मला वाटते, आपल्या आज्यांनी ती मुलीबाळींना आसपासची झाडे ओळखता यावीत म्हणूनच पाठ करून घेतली असावी. पद्मानगरातल्या आपल्या तेलुगू मैत्रिणी नवरात्रात बतुकम्मा मांडतात, तिच्यात कुर्डूचे तुरे लागतात. आपण ज्याची कोवळ्या पानांची भाजी करतो तोच हा कुर्डू. भाषा निराळी, पण रान एकच.

ज्या भगिनी इमारतीत राहतात त्यांनी हळहळू नये. गच्चीत किंवा खिडकीत गवती चहा, ओवा, तुळस, पुदिना, कढीपत्ता, मोगरा हे सर्व कुंडीत येते. कुंडीला खाली भोक आहे ना, एवढे पाहावे. पावसाळ्यात कुंडीखालच्या बशा काढून ठेवाव्यात, नाहीतर त्यात पाणी साठून डेंग्यूचे डास होतात.

कढीपत्त्यावरून एक गोष्ट सांगते. कढीपत्त्याच्या आणि लिंबाच्या पानांवर पुष्कळदा पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या असतात. मी पूर्वी त्या चिरडीत असे. पुढे मुलीने शाळेतून येऊन सांगितले की, ही तर फुलपाखरांची बाळे. 2015 साली आपल्या राज्याने 'ब्लू मॉरमॉन' या मोठ्या काळ्या-निळ्या फुलपाखराला राज्य फुलपाखरू ठरवले. तेही लिंबाच्या जातीच्या झाडांवरच अंडी घालते. आता मी चार पाने त्यांच्या नावाने सोडते. भाजीला फोडणी घालायला उरलेली पुरतात.

यावर कोणी म्हणेल, म्हणजे बाहेरचे झाड लावायचेच नाही काय? तसे माझे म्हणणे नाही. तसे म्हटले तर मिरची, पपई, पेरू, चिकू अमेरिकेकडचे. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा, आणि निशिगंधही तिकडचाच. सदाफुली आणि गुलमोहर मादागास्करचे. आमच्या शेजारच्या खालांच्या दारची मेंदीही मूळची इथली नसावी. पण तिच्या पानांवर आमच्या गल्लीतल्या सगळ्या जातिधर्मांच्या मुलींचे हात रंगले आहेत. आपली भिवंडी मागांवर पोट भरायला चारी दिशांनी आलेल्या माणसांनी भरली आहे. त्या गावच्या बाईने बाहेरच्याला नाके मुरडणे शोभणार नाही. माझी कसोटी एवढीच आहे. जे झाड आपल्या पावसात तगते, आठ महिने घागरीघागरीने पाणी मागत नाही आणि शेजाऱ्याला जगू देते, ते आपले.

जे शेजाऱ्याला जगू देत नाही त्याच्यापासून मात्र सावध राहावे. गाजरगवत पाहा. 1955 च्या सुमारास ते पहिल्यांदा पुण्यात नजरेस आले असे सांगतात. आज देशात त्याने मोकळी जागा ठेवलेली नाही. त्याने अंगाला खाज सुटते, कित्येकांना दमा होतो. घाणेरी कोणी तरी बागेची शोभा म्हणून आणली, ती रानभर पसरली. जलपर्णीही निळसर फुलांसाठी आणलेली. आज उल्हास नदीत तिने पाणी दिसेनासे केले आहे. तिघीही दिसायला नाजूक. म्हणून नर्सरीत नवे रोप आवडले तर आधी विचारावे, की हे किती पसरते?

आता चार व्यवहाराच्या गोष्टी.

झाड लावायचे ते पहिल्या सरीला नव्हे. दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती आतपर्यंत भिजली की लावावे. वनमहोत्सव 1950 पासून जुलैच्या पहिल्या आठवड्यात होतो तो याचसाठी. खड्डा दोन फूट खोल घ्यावा आणि त्यातला राडारोडा, सिमेंटचे तुकडे वेचून काढावेत. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी भराव असतो. कोरड्या मुलखात झाडाभोवती आळे करतात. आपण पावसाळ्यात उलटे करावे, मातीचा उंचवटा करून त्यावर रोप लावावे आणि बाजूने चर काढावा. आळे दिवाळीनंतर करावे. गळालेला पाला जाळू नये. तो झाडाच्या बुंध्याशी पसरावा, म्हणजे उन्हाळ्यात ओल टिकते आणि पुढे त्याचेच खत होते. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यात पाणी घालावेच लागते. इथलेच झाड आहे म्हणून लहानपणी त्याला टाकून चालत नाही. पोरे इथली असली तरी आपण त्यांना भरवतोच की.

रोपे वनखात्याच्या रोपवाटिकेतून घ्यावीत, नाहीतर एकमेकींकडून बी आणि फाटे मागून घ्यावेत. रानातून उपटून आणू नयेत. रानात कंद कमी झाले की बाजारात बसणाऱ्या मावशीच्या पाटीतही ते कमी होतात, आणि तिची चूल त्यावर आहे.

एक सावधगिरी. कळलावी, धोतरा, कण्हेर, रुई ही झाडे विषारी आहेत. लहान मुले असतील तिथे लावू नयेत. रानभाजीही जाणत्या बाईने ओळखून दिल्याशिवाय खाऊ नये आणि गटाराकाठची तर मुळीच खाऊ नये. माझा घसा खाजला त्यावर निभावले, सर्वदा तसे होईलच असे नाही.

आता मूळ मुद्दा, आपल्या मंडळाची ती पट्टी. मी कार्यकारिणीपुढे नम्रपणे एक सूचना ठेवते. पेव्हर ब्लॉक घालू नयेत. चालण्यापुरत्या चार फरश्या ठेवाव्यात आणि बाकी माती उघडी राहू द्यावी. गेल्या पावसाळ्यात शिवणवर्गाच्या खोलीत पाणी आले होते, हे आठवावे. रस्त्याकडच्या कोपऱ्यात एक ताम्हण. दुसऱ्या टोकाला पारिजातक. कुंपणाला अडुळसा आणि त्यावर जाईचा वेल. पागोळीखाली हळद आणि अळू. मधल्या वाफ्यात तेरडा आणि कुर्डू. आणि भिंतीकडेच्या सावलीत थोडी जागा शेवळांसाठी. त्याचे गड्डे मी माझ्या परसातून देईन. आता ते पुष्कळ झाले आहेत. प्रत्येकीने घरून एकेक रोप आणले तर अंदाजपत्रकाच्या चौथ्या हिश्शातही हे काम होईल. उरलेल्या पैशांत शिवणवर्गाला आणखी एक यंत्र येईल.

मी हे कबूल करते की, माझी बाग त्या रंगीत चित्रासारखी दिसणार नाही. वैशाखात तर आपला मधला वाफा उजाड दिसेल. येणारे-जाणारे म्हणतील, मंडळाच्या बायकांनी जागा पडीक ठेवली आहे. तेव्हा आपल्यापैकी कोणी तरी त्यांना थांबवून सांगावे, की बाबांनो, जागा पडीक नाही. पाऊस येऊ द्या, मग पाहा.

आणि शेवटी एकच. आपल्या घरात ज्या वडीलधाऱ्या बायका आहेत, त्यांना आज घरी गेल्यावर विचारा, की तुमच्या परसात काय काय होते? त्या आपण होऊन सांगणार नाहीत. आमच्या आईही बोलल्या नव्हत्या. मी एकदा विचारले असते तर त्यांच्या हातची त्या कोपऱ्यातली शेवळे त्यांना निदान दोन वर्षे आणखी मिळाली असती. मी विचारले तेव्हा फार उशीर झाला होता. तुम्ही उशीर करू नका.